खाट कायद्याने मोफत, बिल मात्र मोहल्ल्याच्या वर्गणीतून

व्यापाराच्या पानावर दवाखान्याचा विषय कशाला, असा सवाल काही वाचक करतील. उत्तर साधे आहे. आपल्या बाजारात एखादा लहान मागवाला किंवा दुकानदार धंद्यातून उठला की लोक कारण शोधतात. कुणी म्हणतो मंदी, कुणी म्हणतो उधारी बुडाली. पण नीट विचारपूस केली तर पुष्कळदा तिसरेच कारण निघते. घरात कुणाला हृदयविकार झाला, कुणाची बाळंतीण अडली, कुणाचा अपघात झाला आणि आठ-दहा दिवसांत वीस वर्षांचे भांडवल रुग्णालयाच्या काउंटरवर जमा झाले.

मंदीवर आपण सभा घेतो. विजेच्या दरावर मोर्चे काढतो. सुताचे भाव चढले की मंत्र्यांना निवेदने देतो. रुग्णालयाच्या बिलावर मात्र आपण गप्प बसतो, कारण ते नशिबाचे देणे आहे असे आपण धरून चाललो आहोत. आजार नशिबाचा असेल. बिल नशिबाचे नसते. ते माणसाने ठरवलेले असते, आणि त्याला कायदा आहे. तो कायदा काय आहे, कुठे तोकडा पडतो आणि आपण व्यापाऱ्यांनी त्यासाठी काय करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

दुकान आणि दवाखाना

मी तीस वर्षांहून जास्त काळ कापडाचा व्यापार करतो. सरकारने भाव ठरवावेत, बाजारात हात घालावा, हे मला एरवी पटत नाही. माझ्या दुकानात गिऱ्हाईक येते, तागा उलगडून बघते, बोटांनी सूत चाचपते, भाव करते आणि पटला नाही तर शेजारच्या दुकानात जाते. ही मोकळीक गिऱ्हाइकाला आहे म्हणून बाजार आपोआप सरळ चालतो. मी जास्त नफा घेतला तर मीच मरतो.

आता रुग्णालयाकडे बघा. छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन गेलेला मुलगा भाव करू शकतो काय? त्याला कोणते इंजेक्शन हवे, किती दिवस अतिदक्षता विभाग हवा, कोणती तपासणी जरुरीची आणि कोणती बिनजरुरीची, हे त्याला कळत नाही. माल कोणता घ्यायचा हेही विकणारा ठरवतो आणि किती घ्यायचा हेही विकणाराच ठरवतो. दुकान सोडून दुसरीकडे जाण्याइतका वेळही नसतो. व्यापाराचा जो पहिला नियम, म्हणजे दोन्ही बाजूंची राजीखुशी, तोच इथे नाही. जिथे राजीखुशी नाही, तिथे शासनाने मध्ये उभे राहिलेच पाहिजे. व्यापाराला विरोध म्हणून मी हे म्हणत नाही. व्यापार म्हणजे काय हे ठाऊक आहे म्हणून म्हणतो.

नफ्याचे एक उदाहरण देतो. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिले तपासली. काही औषधे आणि वापरून टाकायच्या वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतल्याचे त्या तपासणीत निघाले. ग्रे कापडाच्या मीटरमागे काही पैसे सुटले तरी आपण शुक्र मानतो. सतराशे टक्के हा आकडा आपल्या कोणत्याही चोपडीत बसणार नाही.

भाव बांधल्याने काय होते तेही पाहिले आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटची किंमत एके काळी लाखाच्या पुढे लावली जात असे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधयुक्त स्टेंटला २९,६०० आणि साध्या स्टेंटला ७,२६० रुपयांची कमाल मर्यादा घातली. त्यानंतर कंपन्यांनी वेळोवेळी तक्रारी केल्या, मर्यादेत थोडे फेरफार झाले. पण स्टेंट मिळणे बंद झाले नाही आणि शस्त्रक्रियाही बंद पडल्या नाहीत. त्याच वर्षी गुडघ्याच्या सांध्यालाही मर्यादा लागली.

आपल्या धंद्यातला दाखला

दुबळ्यांसाठी हिस्सा राखून ठेवणे ही गोष्ट कापड व्यवसायाला नवी नाही. हातमाग विणकराला सूत मिळावे म्हणून सूतगिरण्यांवर १९७४ पासून हँक यार्नचे, म्हणजे लडीच्या सुताचे बंधन आहे. देशातील विक्रीसाठी बांधलेल्या सुतापैकी ठराविक हिस्सा लडीतच बांधायचा. तो हिस्सा आधी ५० टक्के होता, २००३ मध्ये ४० आणि २०१९ मध्ये ३० टक्के झाला. तसेच १९८५ च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले गेले. सुरुवातीला २२ वाण होते, पुढे ११ राहिले. आम्हा यंत्रमागाशी नाते असलेल्यांना हा कायदा कधीच आवडला नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेले आणि १९९३ मध्ये न्यायालयाने कायदा योग्य ठरवला. का? कारण बाजारात ज्याचा हात पुरत नाही, त्याच्यासाठी हिस्सा राखणे हे शासनाचे काम आहे.

पण या दाखल्यात दुसराही धडा आहे. लडीचे सूत कागदावर हातमागाला जाते आणि प्रत्यक्षात भलतीकडे पोचते, हे आपल्या बाजारात कुणाला सांगावे लागत नाही. हिस्सा राखणे सोपे आहे, तो खऱ्या हक्कदाराच्या हातात पोचवणे कठीण आहे. रुग्णालयांच्या खाटांचे नेमके हेच झाले आहे.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात चारशेहून अधिक रुग्णालये धर्मादाय विश्वस्त संस्थांची आहेत. मुंबई-पुण्यातील कितीतरी नामांकित, काचेच्या इमारतींची रुग्णालये यात मोडतात. धर्मादाय म्हणून त्यांना करात सवलत मिळते. कुणाला सरकारी जमीन नाममात्र भावात मिळाली, कुणाला जादा बांधकामाची परवानगी मिळाली. एके काळी परदेशी यंत्रांवरील जकात कर सुद्धा माफ होता. १९८८ च्या अधिसूचनेत त्या माफीच्या बदल्यात अट होती : बाह्यरुग्णांपैकी ४० टक्के मोफत तपासायचे आणि १० टक्के खाटा महिना ५०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना राखायच्या. यंत्रे आली. अट किती जणांनी पाळली, यावर पुढे अनेक वर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या.

राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात, म्हणजे १९५० च्या कायद्यात, कलम ४१ कक आहे. शासनाची मदत घेतलेल्या धर्मादाय रुग्णालयांनी गरिबांसाठी खाटा राखाव्यात असे हे कलम सांगते. तरीही अंमल होईना, म्हणून २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि ऑगस्ट २००६ मध्ये न्यायालयाने एक पूर्ण योजनाच मंजूर केली. ती थोडक्यात अशी :

एक. एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात. शंभर खाटांच्या रुग्णालयात दहा आणि दहा, अशा वीस.

दोन. इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात, म्हणजे निर्धन रुग्ण निधीत टाकायची आणि गरिबांचा खर्च त्यातून करायचा. समजा एखाद्या रुग्णालयाचे वर्षाचे बिल ५० कोटी असेल, तर एक कोटी रुपये या खात्यात पडले पाहिजेत.

तीन. निर्धन रुग्णाला खाट, निवासी डॉक्टरची सेवा, परिचर्या, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लावायचे नाहीत. औषधे आणि साहित्य खरेदीच्या भावाने धरायचे.

चार. तातडीच्या रुग्णाला ताबडतोब दाखल करून घ्यायचे, जीव वाचवणारे उपचार करायचे आणि त्यासाठी अनामत रक्कम मागायची नाही.

पाच. उत्पन्नाचा पुरावा म्हणून तहसीलदाराचा दाखला किंवा शिधापत्रिका चालते. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढली. वर्षाला ८५ हजार आणि १ लाख ६० हजार अशी होती, ती नंतर १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार करण्यात आली.

हे शेवटचे आकडे व्यापारी बंधूंनी नीट ध्यानात घ्यावेत. वर्षाला १ लाख ८० हजार म्हणजे महिना पंधरा हजार. ३ लाख ६० हजार म्हणजे महिना तीस हजार. म्हणजे ज्याच्या घरात एकच कमावता आहे असा मागावरचा कामगार, कांडी भरणारी विधवा बाई, हमाल, शिलाई कारागीर हे बहुतेक पहिल्या गटात येतात. चार-सहा मागांचा मालक, हातगाडीवर कापड विकणारा, छोटा बेकरीवाला हे दुसऱ्या गटात येऊ शकतात. हा कायदा कुणा दूरच्या भिकाऱ्यासाठी नाही. आपल्याच गल्लीसाठी आहे.

तातडीच्या इलाजाबद्दल तर धर्मादाय आणि खासगी असा फरकही उरत नाही. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखमी माणसाचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो की खासगी; पोलिसांचे कागद नंतर. १९९६ मध्ये बंगालमधील एका शेतमजुराचा खटला त्याच न्यायालयात निकाली निघाला. १९९२ मध्ये तो आगगाडीतून पडला, डोक्याला मार लागला, कलकत्त्याची एकामागून एक सरकारी रुग्णालये फिरला, कुणी घेतले नाही. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये भरून इलाज झाला. न्यायालयाने सरकारला २५ हजारांची भरपाई द्यायला लावली आणि बजावले की वेळेवर इलाज नाकारणे म्हणजे घटनेने दिलेला जगण्याचा हक्क नाकारणे होय.

म्हणजे कायदा नाही असे कुणी म्हणू नये. कायदा आहे. तो काउंटरपर्यंत पोचत नाही, हा मसला आहे.

काउंटरवर काय होते

दोन वर्षांपूर्वी आमच्या बाजारात गाठी उतरवणाऱ्या एका हमालाला टेम्पोची धडक बसली. मांडीचे हाड मोडले, रक्त पुष्कळ गेले. गावातल्या डॉक्टरांनी पट्टी बांधून शहरात नेण्यास सांगितले. आम्ही चौघे त्याला एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेलो. दारावर विश्वस्त संस्थेचे नाव होते. काउंटरवर आधी साठ हजार भरा, मग पुढे बोला, असे उत्तर मिळाले. मी शिधापत्रिका दाखवली आणि धर्मादाय खाट मागितली. खाटा भरल्या आहेत, असे सांगण्यात आले. किती खाटा आहेत आणि कोण आहेत ती वही दाखवा म्हटले, तर संबंधित साहेब रजेवर. खाट नाही असे कागदावर लिहून द्या म्हटले, तर तशी पद्धत नाही.

बाजारात फोन केले. दोन तासांत साठ हजार जमले. कुणी गल्ल्यातून दिले, कुणी बैतुलमालमधून. शेवटी बिल २ लाख ४० हजारांवर गेले. माणूस वाचला, त्याबद्दल अल्लाहचे आणि तेथल्या तरुण डॉक्टरांचे आभार. डॉक्टरांनी कसूर केली नाही. कसूर त्या काउंटरची होती. नंतर मी त्या रुग्णालयाला टपालाने पत्र पाठवून त्या दिवशीच्या धर्मादाय खाटांचा तपशील मागितला. आजपर्यंत उत्तर नाही.

असे एकट्या आमच्या बाजारात झाले असे नाही. मार्च २०२५ मध्ये पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयात गरोदर बाईच्या घरच्यांकडे दहा लाखांची आगाऊ रक्कम मागितल्याचा आरोप झाला. दुसरीकडे तिची प्रसूती झाली, जुळ्या मुली झाल्या आणि ती बाई मरण पावली. सारा महाराष्ट्र हळहळला, चौकशी समित्या बसल्या, आणि तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागू नका अशी ताकीद रुग्णालयांना पुन्हा देण्यात आली. पुन्हा, हा शब्द महत्त्वाचा आहे. जी गोष्ट २००६ पासून बंधनकारक होती, तिची ताकीद २०२५ मध्ये एका बाईचा जीव गेल्यावर द्यावी लागली.

जकात कुठे जाते

येथे आपल्या समाजाशी थेट संबंध येतो, म्हणून स्पष्ट लिहितो. रमजानमध्ये जकात निघते. मोहल्ल्याच्या कमिट्या, बैतुलमाल, बाजारातील मंडळे ती गोळा करतात. त्यातला मोठा वाटा कुठे जातो हे हिशेब ठेवणाऱ्यांना विचारा. इलाज, इलाज आणि इलाज. मशिदीत जुम्याच्या नमाजनंतर रुग्णाची फाईल घेऊन उभा राहिलेला बाप आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

आजाऱ्याला मदत करणे नेकीचेच काम आहे, त्यात दुमत नाही. पण जकात ही गरिबाची अमानत आहे. ज्या खाटेचे पैसे कायद्याने लागायला नकोत, त्या खाटेसाठी ती अमानत आपण काउंटरवर मोजतो. म्हणजे हक्क गरिबाचा, पैसा गरिबाचा आणि फायदा संस्थेचा. त्या संस्थेने कर वाचवला तोही धर्मादाय म्हणून आणि आपल्याकडून बिल घेतले तेही पूर्ण. तेच दोन लाख वाचले असते तर त्यातून एका बेवाचे शिलाई यंत्र आले असते, दोन मुलांची फी भरली असती, एखाद्या कारागिराचे कर्ज फिटले असते.

मय्यतीचेही तसेच. दफन लवकर करावे ही आपली रीत आहे, आणि बिल बाकी आहे म्हणून मय्यत अडवली की घरचे लोक वाटेल तो आकडा भरतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत १७ हक्क आहेत. रुग्णाला घरी नेण्याचा आणि मृताचे शरीर ताब्यात मिळण्याचा हक्क त्यांतच आहे. बिल राहिले तर रुग्णालयाने कायदेशीर मार्गाने वसूल करावे. माणूस किंवा मय्यत तारण ठेवता येत नाही.

२०२० ने शिकवलेले

शासनाने मनावर घेतले तर काय होऊ शकते हे कोरोनाने दाखवले आणि मनावर न घेतल्यास काय होते तेही त्यानेच दाखवले. मे २०२० मध्ये राज्य शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा आपल्या दरात आणल्या. साधा विलगीकरण वॉर्ड दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता विभाग ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. जून २०२१ मध्ये शहरांचे तीन वर्ग केले. मालेगाव, भिवंडी, सोलापूर हे दुसऱ्या वर्गात आले आणि तेथील दर अनुक्रमे ३,०००, ५,५०० आणि ६,७०० ठरले. लेखापरीक्षक बसले, बिले तपासली गेली आणि कितीतरी कुटुंबांची बिले कमी झाली. दर बांधता येत नाहीत, बिले तपासता येत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

आणि दुसरी बाजू. एप्रिल २०२० मध्ये मालेगावात कोरोना आला तेव्हा खासगी दवाखाने मोठ्या संख्येने बंद झाले. मधुमेह, दमा, हृदयविकार, रक्तदाब यांचे रोजचे रुग्ण दारोदार फिरले. कब्रस्तानातील दफनांची नोंद नेहमीपेक्षा कितीतरी वाढल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले, आणि त्यातले सगळे कोरोनाचे नव्हते. रुग्णालयाचे दार बंद राहिले तर साधा आजारही माणसाला नेतो. दार उघडे ठेवणे ही सुद्धा नियमनाचीच बाब आहे, हे विसरू नये.

डॉक्टरांची बाजू

इन्साफ करायचा तर दोन्ही पारड्यांत वजन टाकले पाहिजे. लहान शहरातला वीस खाटांचा दवाखाना चालवणारा डॉक्टर म्हणजे कुणी लुटारू नव्हे. त्याने कर्ज काढून इमारत बांधलेली असते. अग्निशमन, प्रदूषण, नोंदणी असे दहा दाखले त्याला काढावे लागतात. रुग्ण दगावला की जमाव येतो आणि काचा फुटतात. २०१० मध्ये याविरुद्ध राज्याला वेगळा कायदा करावा लागला, ही आपणा सर्वांसाठी शरमेची गोष्ट आहे. दवाखान्यावर दगड मारणाऱ्याने रुग्णाचा हक्क मिळवला असे कधी झाले नाही. पुढच्या तातडीच्या रुग्णासाठी दार बंद झाले, इतकेच झाले.

दुसरी तक्रार पैशाची आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली. जुलै २०२४ पासून ती राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत लागू झाली. चांगली योजना आहे. पण ती ठरलेल्या यादीतील उपचारांना आणि यादीतील रुग्णालयांतच चालते, आणि शासनाकडून पैसे वेळेवर येत नाहीत असे रुग्णालये वारंवार सांगतात. आपण व्यापारी आहोत. माल गेला आणि सहा महिने हुंडी वटली नाही तर काय होते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शासनाला नियम लावायचे असतील तर शासनाने आधी आपली देणी वेळेवर चुकवावीत. एका हाताने बंधन आणि दुसऱ्या हाताने उधारी, हे चालणार नाही.

मात्र या तक्रारींचा आडोसा त्या मोठ्या संस्थांनी घेऊ नये, ज्यांनी जमीन घेतली, सवलत घेतली आणि आता दारावर धर्मादाय हा शब्द लिहायला संकोचतात. सवलत हा सौदा होता. सौद्यात माल उचलला की रक्कम द्यावी लागते.

सरकारकडे काय मागावे

निवेदने देण्यात आपण तरबेज आहोत. तर एक निवेदन असेही जाऊ द्या :

१. प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाच्या दर्शनी भागात मराठी, उर्दू आणि हिंदीत मोठा फलक असावा. एकूण खाटा किती, गरिबांच्या किती आणि आज रिकाम्या किती, हे रोज लिहावे. दुकानात भावफलक लागतो, रुग्णालयात का नको?

२. खाट नाकारली तर कारण लेखी देणे बंधनकारक करावे. तोंडी नकाराला दाद मागता येत नाही.

३. खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचा राज्याचा कायदा १९४९ चा आहे. त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याची अट आली. महापालिकेने वर्षातून एकदा तरी जाऊन ते लागले आहे की नाही हे बघावे आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व फोन नंबर जाहीर करावा.

४. रुग्णालयाच्याच दुकानातून औषध घेण्याची सक्ती थांबवावी. मार्च २०२५ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायालयाने धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. राज्याने ते स्पष्ट शब्दांत ठरवावे.

५. यंत्रमागाच्या शहरांत धर्मादाय रुग्णालये थोडी आहेत. म्हणून सामान्य रुग्णालयांत तज्ज्ञ डॉक्टरांच्या जागा भराव्यात. खासगी रुग्णालयांवरील नियम सरकारी रुग्णालयाची जागा घेऊ शकत नाहीत.

आणि आपण काय करावे

सरकारकडे बोट दाखवताना आपल्या घरातही बघावे लागेल. राज्य कामगार विमा योजना दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला लागू होते. २०१७ मध्ये पगाराची मर्यादा महिना २१,००० करण्यात आली, २०१९ पासून मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. इतक्या थोड्या पैशात कामगाराच्या सगळ्या घराचा इलाज होतो. पण एका छपराखालील माग चार नावांवर दाखवून, कामगारांची संख्या दहाच्या खाली ठेवून आपल्यातले काही जण त्यातून सुटतात. मग तोच कामगार आजारी पडला की त्याच्यासाठी वर्गणी काढतात. वर्गणी देऊन हक्काची भरपाई होत नाही. रुग्णालयाच्या काउंटरला आपण जो सवाल करतो, तोच सवाल कामगार आपल्याला करू शकतो.

बाजाराच्या प्रत्येक संघटनेने काही कामे फारशा खर्चाशिवाय करावीत. आपल्या जिल्ह्यातील आणि जवळच्या मोठ्या शहरांतील धर्मादाय रुग्णालयांची यादी कार्यालयात लावावी. आपल्याकडील कामगारांचे उत्पन्नाचे दाखले आणि शिधापत्रिका आजारपण येण्याआधी तयार ठेवाव्यात. रुग्ण दारात असताना तहसील कचेरीची रांग लावता येत नाही. कायद्याची माहिती असलेला, मराठीत अर्ज लिहू शकणारा एक तरुण मंडळाने ठेवावा. आमच्यासारखे उर्दू शाळेत शिकलेले लोक हिशेबात पक्के असतात, पण सरकारी मराठीचा कागद बघितला की बिचकतात. ही भीती आपल्याला फार महाग पडली आहे.

तपशीलवार बिल मागावे. प्रत्येक कलम तपासावे, जसे आपण गिरणीचे बिल तपासतो. खाट नाकारली तर तारीख, वेळ आणि काउंटरवरील माणसाचे नाव लिहून जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. जकात देणाऱ्या कमिट्यांनी एक नियम करावा : रुग्णालय धर्मादाय असेल तर आधी योजनेतील खाटेचा अर्ज, त्याचे उत्तर आणि मग मदत. जीव धोक्यात असेल तर पैसे आधी भरावेत, अर्ज मागून; पण अर्ज झालाच पाहिजे. दहा मंडळांनी वर्षभर असे अर्ज दिले तर कोणत्या रुग्णालयात खाटा रोजच भरलेल्या असतात हे कागदावर येईल, आणि कागद असला की न्यायालयही ऐकते. २००६ ची योजना अशाच एका याचिकेतून आली.

शेवटी व्यापारी म्हणून एक आठवण देतो. मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये उभे राहिले ते सर जमशेटजी जीजीभॉय या व्यापाऱ्याच्या देणगीतून. परळचे वाडिया प्रसूतिगृह १९२६ मध्ये झाले ते एका गिरणीमालक घराण्याच्या पैशातून, आणि भोवतालच्या गिरणी कामगारांच्या बायका तेथे बाळंत होत. कापडाच्या पैशाने या राज्यात रुग्णालये बांधली आहेत. त्या काळी व्यापारी देणगीदार होता. आज देणगी देण्याची ऐपत सर्वांची नसेल, पण हिशेब मागण्याची ऐपत प्रत्येकाची आहे. हिशेब मागणे हा तर आपला धंदाच आहे. तो दलालाकडे मागतो, गिरणीकडे मागतो, आता गरिबाच्या खाटेचाही मागू या.

(लेखक कापड व्यापारी आहेत.)